‘काल आम्ही सिंहगडावर गेलो होतो’ हे फ्रेंचमध्ये कसे सांगावे? (प्ल्युस-क-पार्फेविषयी)

पहाटवारा (धागाकर्ती):

नमस्कार. माझी मुलगी ग्रनोब्ल येथे असते आणि नातू आता तेथील बालवाडीत जाऊ लागला आहे. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलता यावे म्हणून मी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी फ्रेंच शिकायला घेतले आणि सध्या देल्फ परीक्षेच्या बी-१ पातळीची तयारी करत आहे. गेल्या आठवड्यात ‘सुट्टीचा एक दिवस’ या विषयावर परिच्छेद लिहायचा होता. मी तो आधी मराठीत लिहिला आणि मग वाक्यावाक्याने फ्रेंचमध्ये नेला. मूळ मराठी परिच्छेद असा होता:

‘काल आम्ही सिंहगडावर गेलो होतो. जावेने घरूनच डबा करून घेतला होता. रात्री पाऊस पडला होता, त्यामुळे पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. एका कट्ट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी लाल फेटा बांधला होता. आम्हाला फार भूक लागली होती. आम्ही तेथेच बसून भाकरी खाल्ली.’

शेवटचे वाक्य सोडले तर प्रत्येक वाक्यात ‘होतो’, ‘होता’ किंवा ‘होते’ आहे, म्हणून मी सातही ठिकाणी प्ल्युस-क-पार्फे हा काळ वापरला. हा काळ म्हणजे आपला पूर्ण भूतकाळ, असे मी वहीत पहिल्याच दिवशी लिहून ठेवले होते. वही परत आली तेव्हा चार वाक्यांखाली लाल रेघ होती, एकापुढे प्रश्नचिन्ह होते आणि केवळ दोन वाक्ये जशीच्या तशी ठेवलेली होती. रूपांमध्ये एकही चूक नव्हती, चूक काळाच्या निवडीत होती. जे क्रियापद मराठीत निर्विवाद बरोबर आहे ते फ्रेंचमध्ये का चालत नाही, हे कोणी नीट समजावून सांगेल का? फ्रेंच शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीन. शेवटची मूक अक्षरे जेथे महत्त्वाची असतील तेथे ती कृपया वेगळी सांगावीत.

जुनी वही:

पहाटवारा, मी सव्वीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात फ्रेंच शिकवले आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत हीच चूक मी दरवर्षी पाहत आले, त्यामुळे तुमचा परिच्छेद मला अगदी ओळखीचा वाटला. त्यात तुमचा निष्काळजीपणा मुळीच नाही. मराठीतील ‘होता’ एकाच वेळी तीन निरनिराळी कामे करतो, आणि फ्रेंचने ती तीन कामे तीन वेगवेगळ्या काळांकडे सोपवली आहेत.

आधी रचना पाहू, कारण ती सोपी आहे आणि तुम्हाला ती येतेच, पण वाचणाऱ्या इतरांना उपयोग होईल. प्ल्युस-क-पार्फे दोन तुकड्यांचा बनतो. पहिला तुकडा म्हणजे ‘आव्वार’ (जवळ असणे) किंवा ‘एत्र’ (असणे) या साहाय्यक क्रियापदाचे अँपार्फे, म्हणजे भूतकाळात चालू असलेली स्थिती सांगणाऱ्या, काळातील रूप, आणि दुसरा तुकडा म्हणजे मुख्य क्रियापदाचे पार्तिसिप पासे, म्हणजे आपले भूतकाळवाचक धातुसाधित. ‘आव्वार’ची रूपे झाव्हे, त्यू आव्हे, इल आव्हे, नू-झाव्ह्यों, व्हू-झाव्ह्ये, इल-झाव्हे अशी होतात, तर ‘एत्र’ची झेते, त्यू एते, इल एते, नू-झेत्यों, व्हू-झेत्ये, इल-झेते अशी होतात. त्यांपुढे पार्ले (बोललेला), फिनी (संपवलेला), व्हाँद्यू (विकलेला), आले (गेलेला) असे धातुसाधित ठेवले की रूप तयार झाले: ‘झाव्हे पार्ले’, मी बोललो होतो, ‘झेते आले’, मी गेलो होतो. ज्याला पासे काँपोझे, म्हणजे घडून गेलेली घटना सांगणारा रोजचा भूतकाळ, येतो त्याला येथे नवे काहीच पाठ करावे लागत नाही, कारण धातुसाधित तेच राहते, साहाय्यक क्रियापदाची निवड तीच राहते, आणि त्या साहाय्यकाचा काळ तेवढा वर्तमानातून अँपार्फेत जातो. मराठीतही ‘गेलो आहे’चे ‘गेलो होतो’ अगदी असेच होते.

नकार साहाय्यकाभोवती गुंडाळला जातो: ‘झ नाव्हे पा माँझे’, मी जेवलो नव्हतो. ‘देझा’ म्हणजे ‘आधीच’ हा शब्दही त्या दोन तुकड्यांच्या मध्येच बसतो.

आता उपयोग. प्ल्युस-क-पार्फे एकटा उभा राहत नाही. त्याला भूतकाळातलाच दुसरा एक बिंदू लागतो, आणि त्या बिंदूच्याही आधी जे घडून गेले ते तो सांगतो. तो बिंदू त्याच वाक्यात असेल, आधीच्या वाक्यात असेल किंवा ऐकणाऱ्याच्या मनात असेल, पण तो असावाच लागतो. तुमचे ‘इयेर, नू-झेत्यों आले आ सिंहगड’ हे पहिलेच वाक्य वाचून फ्रेंच वाचक थांबतो आणि वाट पाहतो की सिंहगडावर गेल्यानंतर असे काय घडले, ज्याच्या आधीची ही गोष्ट आहे. तेथे ‘नू सॉम आले’ असा पासे काँपोझे हवा होता, कारण ती तुमच्या गोष्टीतील मुख्य घटना आहे.

रेघोट्या:

जुनी वही यांचे म्हणणे मी प्रत्यक्ष अनुभवले आहे. मी ल्यों शहरात यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे भाषांतर करतो. येथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात एका सोमवारी सहकाऱ्याने सुट्टी कशी गेली असे विचारले, तेव्हा मी त्याला सांगितले की काल डॉक्टरांकडे गेलो होतो, आणि ते प्ल्युस-क-पार्फेत सांगितले. तो कॉफीचा कप हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला आणि काही क्षणांनी म्हणाला, ‘ए आलोर?’ म्हणजे ‘बरे, मग?’ माझे सांगणे संपले होते आणि त्याच्या लेखी ते अजून सुरूही झाले नव्हते.

मी नंतर यावर बराच विचार केला आणि मला असे दिसले की या बाबतीत मराठी आणि फ्रेंच एकमेकींच्या अगदी उलट चालतात. मराठीत ‘काल मी डॉक्टरांकडे गेलो’ असे म्हणून थांबलो तर ऐकणारा ‘मग?’ असे विचारतो, कारण साधा भूतकाळ गोष्ट पुढे नेतो. ‘काल मी डॉक्टरांकडे गेलो होतो’ म्हटले की तो विषय पूर्ण होतो: गेलो, परत आलो, आता येथे आहे. जाऊन परत आल्याची, म्हणजे त्या क्रियेचा परिणाम आता उरलेला नाही याची, ही खूण मराठी ‘होतो’मध्ये आहे. फ्रेंच प्ल्युस-क-पार्फेमध्ये ती तशी नाही, त्याला ‘कशाच्या आधी’ एवढेच कळते. म्हणून ‘होतो’ दिसला की स्वतःला विचारावे, ‘कशाच्या आधी?’ उत्तर ‘आत्ताच्या आधी’ एवढेच असेल, तर पासे काँपोझे वापरावा.

पहाटवारा:

पहिले वाक्य समजले, आणि ‘कशाच्या आधी’ हा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. पण हाच प्रश्न मी म्हाताऱ्या गृहस्थांना लावला तर उत्तर मिळते: ते आम्ही पोहोचण्याच्या आधीच कट्ट्यावर बसले होते. फेटाही त्यांनी आधीच बांधला होता. भूकही आधीच लागली होती. तरी तिन्ही वाक्यांखाली लाल रेघ आहे. पायऱ्यांच्या वाक्यापुढे मात्र रेघ नसून प्रश्नचिन्ह आहे, त्याचेही कारण कळावे.

जुनी वही:

फार नेमका प्रश्न विचारलात. ‘होता’चे दुसरे काम म्हणतात ते हेच.

मराठीत स्थिती सांगायलाही आपण पुष्कळदा घडलेल्या क्रियेचेच रूप वापरतो. ‘तो बसला आहे’ म्हणजे तो बसण्याची क्रिया करत नाही, तो बसलेल्या स्थितीत आहे. त्याच धर्तीवर झोपला आहे, उभा राहिला आहे, दमला आहे, सदरा घातला आहे, भूक लागली आहे, ताप आला आहे. ही सारी वाक्ये भूतकाळात नेली की ‘आहे’चा ‘होता’ होतो, आणि रूप हुबेहूब पूर्ण भूतकाळासारखे दिसते, अर्थ मात्र चालू असलेल्या स्थितीचा राहतो. फ्रेंच भाषा स्थितीला स्थिती म्हणूनच सांगते आणि त्यासाठी अँपार्फे वापरते. तुमचे गृहस्थ ‘इल एते आसी’, म्हणजे ते बसलेले होते. येथे ‘आसी’ हे विशेषण आहे आणि ‘एते’ हा साधा अँपार्फे आहे. तुम्ही लिहिलेल्या ‘इल सेते आसी’चा अर्थ होतो की ते त्याआधी उभे होते आणि मग खाली बसले, म्हणजे डोळ्यांसमोर त्यांची हालचाल येते. भुकेसाठी ‘नू-झाव्ह्यों फँ’ पुरेसे आहे, शब्दशः ‘आमच्याकडे भूक होती’. तुम्ही त्यात आणखी एक ‘यू’ घालून ‘नू-झाव्ह्यों यू फँ’ केलेत, त्यामुळे भूक लागून गेलीही असा अर्थ झाला. फेट्यासाठी ‘इल पोर्ते अँ त्यूर्बाँ रूझ’ म्हणावे, त्यांच्या डोक्यावर लाल फेटा होता. ‘इल आव्हे मी’, म्हणजे त्यांनी चढवला होता, हे व्याकरणाने अशुद्ध नाही. त्या दिवशी काही खास निमित्ताने त्यांनी तो मुद्दाम घातला होता असे सांगायचे असेल तर ते शोभूनही दिसेल, पण नुसते वर्णन करायचे असताना ते जास्तीचे होते.

पायऱ्यांबाबतही तेच. ‘निसरड्या झाल्या होत्या’ याचे तुम्ही केलेले भाषांतर चुकीचे नाही, म्हणून तुमच्या शिक्षकांनी रेघ न ओढता प्रश्नचिन्ह टाकले असावे. फ्रेंच माणूस तेथे सहजपणे ‘पायऱ्या निसरड्या होत्या’ एवढेच अँपार्फेत म्हणेल, कारण निसरडे होण्याचे कारण आधीच्या ‘इलाव्हे प्ल्यू’, म्हणजे ‘पाऊस पडला होता’, यात येऊन गेले आहे.

यावर एक कसोटी मी वर्गात देत असे. ‘बसला होता’च्या जागी ‘बसलेल्या अवस्थेत होता’ असे म्हणून पाहावे. ते अर्थाला धरून असेल तर अँपार्फे घ्यावा. ‘पाऊस पडलेल्या अवस्थेत होता’ असे कोणी म्हणत नाही, म्हणून तेथे प्ल्युस-क-पार्फे येतो. जावेने डबा करून घेतला होता, तोही तुम्ही निघण्याच्या आधी, म्हणून तेथेही तोच. तुमची ती दोन वाक्ये बरोबर ठरली याचे कारण तेथे ‘होता’ आपले तिसरे काम करत होता, आणि प्ल्युस-क-पार्फेचे खरे काम तेच आहे.

तीन काळांतला फरक एकाच वाक्यात पाहायचा असेल तर हे तीन नमुने मोठ्याने म्हणून पाहा. ‘काँ झ स्वी-झारिव्हे, एल ए पार्ती’: मी पोहोचले तेव्हा ती निघाली, म्हणजे मला पाहून उठली. ‘एल पार्ते’: मी पोहोचले तेव्हा ती निघत होती, दारातच भेट झाली. ‘एल एते पार्ती’: मी पोहोचले तेव्हा ती निघून गेली होती, भेट झालीच नाही. तिन्ही वेळा ती घरातून जातेच, पण पहिल्या वाक्यात अपमान आहे, दुसऱ्यात योगायोग आहे आणि तिसऱ्यात रिकामे घर आहे.

अकरावी ब:

मॅडम, मी अकरावीत आहे आणि दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतले आहे. आमच्याकडे ‘एत्र’ घेणाऱ्या क्रियापदांची यादी पाठ करून घेतात. मला असे वाटले की मराठीत जेथे कर्तरी प्रयोग असतो तेथे ‘एत्र’ आणि जेथे कर्मणी असतो तेथे ‘आव्वार’, असा नियम लावता येईल. ‘ती गेली होती’ हे कर्तरी आहे आणि फ्रेंचमध्ये ‘एल एते आले’ होते. ‘तिने पत्र लिहिले होते’ हे कर्मणी आहे आणि तेथे ‘एल आव्हे एक्री’ येते. हे बरोबर आहे का? तसे असेल तर यादी पाठ करावी लागणार नाही.

जुनी वही:

तुम्ही स्वतः विचार करून हे साम्य शोधलेत याचा मला मनापासून आनंद झाला. पण हा नियम अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देतो.

साथ कोठे देतो ते आधी सांगते. ‘एत्र’ आले की धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, जसे गेला, गेली, गेले, गेल्या. फ्रेंचमध्ये ‘आले’ या धातुसाधिताला स्त्रीलिंगी एकवचनात आणखी एक ‘ई’ लागतो, पुल्लिंगी अनेकवचनात ‘एस’ लागतो आणि स्त्रीलिंगी अनेकवचनात ‘ई-एस’ ही दोन्ही अक्षरे लागतात. ही अक्षरे येथे ऐकू येत नाहीत, म्हणून लिहिताना राहून जातात. मराठी माणसाचा कान मात्र ‘गेली’ आणि ‘गेल्या’ यांतील फरकाला इतका सरावलेला असतो की वाक्य मनात एकदा मराठीत म्हटले, तर कोणते अक्षर जोडायचे ते आपोआप कळते. फक्त आदरार्थी बहुवचनापासून सावध राहावे. ‘बाई, तुम्ही आला होता’ यात मराठी क्रियापद अनेकवचनी असते. फ्रेंचमध्ये ‘व्हू-झेत्ये व्हन्यू’ म्हणताना ‘व्हू-झेत्ये’ अनेकवचनी असले, तरी समोर एकच स्त्री असेल तर धातुसाधिताला नुसता ‘ई’ लागतो, ‘एस’ लागत नाही. शिष्टाचार साहाय्यकापर्यंतच पोहोचतो.

साथ सुटते ती साहाय्यक निवडताना. मी हसलो होतो, धावलो होतो, जेवलो होतो, झोपलो होतो, नाव विसरलो होतो, ही सारी मराठीत कर्तरी रूपे आहेत, पण फ्रेंचमध्ये या सर्वांना ‘आव्वार’ लागते. ‘एत्र’ घेणारी क्रियापदे मोजकी आहेत: जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, आत जाणे, बाहेर पडणे, चढणे, उतरणे, पडणे, राहणे, परतणे, होणे, जन्मणे, मरणे आणि त्यांपैकी काहींना उपसर्ग लागून झालेली. त्यांखेरीज स्वतःवर वळणारी सर्व क्रियापदे ‘एत्र’ घेतात, जसे ‘झ मेते लव्हे’, मी उठलो होतो. तेव्हा यादी पाठ करावीच लागेल. चढणे, उतरणे, बाहेर पडणे यांना कर्म मिळाले की तीही ‘आव्वार’कडे जातात. ‘एल एते देसाँद्यू’ म्हणजे ती खाली उतरली होती, आणि ‘एल आव्हे देसाँद्यू ले व्हालीझ’ म्हणजे तिने बॅगा खाली आणल्या होत्या. मराठीतही ‘उतरली’ आणि ‘उतरवल्या’ असा फरक पडतोच.

रेघोट्या:

‘आव्वार’बरोबर येणाऱ्या कर्माच्या मेळाबद्दल मला भर घालावीशी वाटते, कारण मराठी भाषकाला याची गोडी इतरांपेक्षा जास्त लागावी असे आहे. ‘झाव्हे एक्री ला लेत्र’, मी चिठ्ठी लिहिली होती. चिठ्ठी फ्रेंचमध्येही स्त्रीलिंगीच आहे, तरी येथे धातुसाधित बदलत नाही. पण तीच चिठ्ठी क्रियापदाच्या आधी आली, ‘ला लेत्र क झाव्हे एक्रीत’, म्हणजे ‘मी जी चिठ्ठी लिहिली होती ती’, की लगेच ‘एक्री’चे ‘एक्रीत’ होते आणि येथे तो फरक कानालाही ऐकू येतो. आपल्याकडे कर्म आधी येवो की नंतर, ‘चिठ्ठी लिहिली’ आणि ‘पत्र लिहिले’ हा मेळ अढळ असतो. फ्रेंचने तो कर्म आधी येण्यावर टांगून ठेवला आहे.

हा नियम सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियन भाषेचा दाखला देत पद्यातून सांगितला आणि तो पुढे रूढ झाला. शाळकरी मुलांना तो आजही जड जातो. २०१८ मध्ये बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागातून असा प्रस्तावही पुढे आला की ‘आव्वार’बरोबरचे धातुसाधित सरसकट अविकारी ठेवावे. मला स्वतःला हा मेळ टिकावा असे वाटते, कारण लांब वाक्यात कोणती गोष्ट कोणी केली याचा धागा तो हातात ठेवतो. परीक्षेत तर तो आजही पाळावाच लागतो.

एक ठिकाण मात्र मराठीच्या सवयीने फसवते. ‘मी तिला पाहिले होते’ यात आपला भावे प्रयोग असल्यामुळे क्रियापद नपुंसकलिंगी राहते. फ्रेंचमध्ये ‘झ लाव्हे व्ह्यू’ लिहिताना ‘तिला’ हे कर्म सर्वनाम होऊन क्रियापदाच्या आधी आलेले असते, म्हणून ‘व्ह्यू’ला ‘ई’ जोडावाच लागतो. स्वतःवर वळणाऱ्या क्रियापदांतही हेच पाहावे लागते: ‘एल सेते लाव्हे’, तिने अंग धुतले होते, येथे ‘ई’ हवा, पण ‘एल सेते लाव्हे ले मँ’, तिने हात धुतले होते, येथे ‘ई’ नको, कारण धुतले गेले ते हात आणि ते नंतर आले आहेत.

समुद्रकाठ:

मी मॉरिशसहून लिहीत आहे. आमचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून येथे आले. घरात आम्ही क्रिओल, म्हणजे फ्रेंचवर आधारलेली येथील भाषा, बोलतो, वृत्तपत्र फ्रेंचमध्ये वाचतो आणि मराठी मी शाळेत व मंडळाच्या वर्गात शिकलो, म्हणून माझ्या लिहिण्यात काही उणे असल्यास सांभाळून घ्यावे.

हा धागा वाचताना मनात आले की आमच्या क्रिओलने हा सारा गुंता किती सोपा करून टाकला आहे. ‘मो ती माँझे’ म्हणजे मी जेवलो, ‘मो फिन माँझे’ म्हणजे मी जेवलो आहे, आणि दोन्ही शब्द एकत्र ठेवले की ‘मो ती फिन माँझे’, मी जेवलो होतो, त्याच्या आधीच. यातील ‘ती’ हा शब्द फ्रेंच ‘एते’पासून झिजून आला आहे आणि ‘फिन’ हा ‘संपवणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. लिंग नाही, वचन नाही, साहाय्यकाची निवड नाही. आमच्या मुलांना शाळेत फ्रेंच लिहिताना ‘आव्वार’ आणि ‘एत्र’ यांचा घोटाळा होतो, पण प्ल्युस-क-पार्फे कोठे वापरावा याबद्दल सहसा होत नाही, कारण ‘फिन’मध्ये ‘संपून गेले’ ही जाणीव आधीच असते. पहाटवारा ताईंची अडचण नेमकी याच्या उलट आहे.

मराठी शिकताना मला ‘तो झोपला होता’ने फार गोंधळवले होते. मी त्याचा अर्थ ‘त्याला झोप लागून गेली होती’, म्हणजे फ्रेंच ‘इल सेते आँदोर्मी’, असा घेत असे, आणि गुरुजी सांगत की अरे, तो तेव्हा झोपलेलाच आहे, ‘इल दोर्मे’. जुनी वही यांनी दिलेली ‘अवस्थेत होता’ ही कसोटी मला तेव्हा मिळायला हवी होती.

अकरावी ब:

आणखी एक शंका आहे. ‘मला माहीत असते तर मी आलो असतो’ याचे मी ‘सी झोरे स्यू’ असे सुरू केले आणि गुण गेले. मराठीत दोन्ही भागांत ‘असते, असतो’ हे एकच रूप आहे, मग फ्रेंचमध्ये दोन वेगळी रूपे का?

जुनी वही:

कारण फ्रेंचमध्ये अट आणि तिचे फळ यांना वेगवेगळी रूपे आहेत. ‘सी’ म्हणजे ‘जर’ असलेल्या भागात, घडून न गेलेल्या गोष्टीसाठी प्ल्युस-क-पार्फे येतो, आणि ‘तर’च्या भागात कोंदिस्योनेल पासे, म्हणजे ‘आलो असतो’ या अर्थाचे रूप, येतो: ‘सी झाव्हे स्यू, झ सरे व्हन्यू’. ही चूक फ्रान्समधील लहान मुलेही करतात, आणि तेथील शिक्षक त्यांना ‘ले सी नेम पा ले रे’ असे सांगतात, म्हणजे ‘सी’ला ‘रे’ने संपणारी रूपे आवडत नाहीत. हे एवढे ध्यानात ठेवलेत तर परीक्षेत गुण जाणार नाहीत. ‘तर’चा भाग गाळून नुसते ‘सी झाव्हे स्यू!’ म्हटले की ती हळहळ होते, जसे आपण ‘आधी कळले असते तर!’ म्हणून थांबतो.

याच्या शेजारीच दुसऱ्याचे बोलणे सांगण्याचा उपयोग येतो आणि तेथेही मराठी सवय आड येते. आपण ‘ती म्हणाली की माझी किल्ली हरवली आहे’ असे बोलणाऱ्याचे शब्द जवळजवळ तसेच ठेवतो. फ्रेंचमध्ये मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर हरवण्याची क्रिया एक पायरी मागे सरकते आणि ‘माझी’ची ‘तिची’ होते: ‘एल आ दी केलाव्हे पेर्द्यू सा क्ले’. वेळेचे शब्दही सरकतात. ‘इयेर’ म्हणजे कालचे ‘ला व्हेय’ होते, आणि येथे मराठी मदतीला येते, कारण ‘काल’ आणि ‘आदल्या दिवशी’ हा भेद आपल्याकडे स्वच्छ आहे. वाक्यात ‘आदल्या दिवशी’ सहज बसत असेल, तर प्ल्युस-क-पार्फे बहुतेक वेळा बरोबर असतो.

रेघोट्या:

दोन उपयोग पुस्तकांत कोपऱ्यात असतात पण रोज कानावर पडतात, म्हणून सांगतो. ‘झ त लाव्हे ब्यँ दी!’ म्हणजे ‘मी तुला सांगितले होते ना!’ दोन्ही भाषांत काळ तोच आणि सूरही तोच. आणि कोणाकडे काही मागायला गेल्यावर ‘मी तुम्हाला विचारायला आलो होतो’ असे जे नम्रपणे म्हटले जाते, तेही फ्रेंचमध्ये ‘झेते व्हन्यू’ असेच म्हणतात, समोर उभे असूनही. मागणी एक पाऊल मागे नेली की तिचा भार हलका होतो, हे दोन्ही भाषांना उमजलेले आहे.

उलट, ‘जेवून आम्ही निघालो’ अशा वाक्यांत हा काळ ओढून आणू नये. मराठी ‘ऊन’ प्रत्ययासाठी फ्रेंचमध्ये ‘आप्रे आव्वार माँझे’ ही सुटसुटीत रचना आहे, आणि घटना घडल्या त्याच क्रमाने सांगत असाल तर दोन पासे काँपोझे एकामागोमाग ठेवले तरी पुरतात. जुन्या कथा-कादंबऱ्यांत ‘दे किल यू फिनी’, म्हणजे ‘त्याने संपवताच’, असे ‘यू’चे रूप दिसेल. तो पासे आँतेरियर हा लेखी काळ आहे. तो ओळखता आला म्हणजे झाले, बी-१ पातळीला लिहावा लागत नाही.

पहाटवारा:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी परिच्छेद मराठीची मदत न घेता पुन्हा लिहिला. गेलो, ‘नू सॉम आले’. पाऊस, ‘इलाव्हे प्ल्यू’. पायऱ्या, गृहस्थ, फेटा आणि भूक ही चारही अँपार्फेत ठेवली. डब्याचे वाक्य थोडे बदलले: ‘नूझाव्हों माँझे ले गालेत क मा बेल-सर आव्हे प्रेपारे’, जावेने ज्या भाकऱ्या केल्या होत्या त्या आम्ही खाल्ल्या. भाकऱ्या आधी आल्या आणि त्या स्त्रीलिंगी अनेकवचनी आहेत, म्हणून ‘प्रेपारे’ला ‘ई-एस’ जोडले. शेवटी एक नवे वाक्य घातले की आदल्या दिवशी मुलीचा मला फोन आला होता: ‘ला व्हेय, मा फीय माव्हे तेलेफोने’. येथे ‘मला’ क्रियापदाच्या आधी आले आणि मी स्त्री आहे, म्हणून ‘तेलेफोने’लाही एक ‘ई’ जोडला आहे. बरोबर आहे ना?

जुनी वही:

भाकऱ्यांचे ‘ई-एस’ अगदी बरोबर. ‘तेलेफोने’चा ‘ई’ मात्र काढावा. मुलीने तुम्हाला पाहिले असते तर ‘मला’ हे थेट कर्म झाले असते आणि ‘व्ह्यू’ला ‘ई’ लागला असता. पण फ्रेंचमध्ये फोन कोणाला ‘करतात’ ते संप्रदान असते, ‘तेलेफोने आ’ असे, आणि संप्रदानाशी धातुसाधिताचा मेळ कधीच होत नाही. ‘सांगणे’ आणि ‘लिहिणे’ यांनाही हेच लागू आहे: ‘तिने मला लिहिले होते’, ‘एल माव्हे एक्री’, येथेही ‘ई’ नाही.

पहाटवारा:

‘ई’ खोडला आणि पान मुलीला पाठवून दिले. रविवारी फोनवर नातवाला ते वाचून दाखवणार आहे.